मशीनच्या जागी आतोबा

माझ्या आतोबांइतका खात्री करून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि यापुढे दिसेल अशी आशाही नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. "अंदाज आळशी माणसाने करावा," असं ते म्हणत आणि स्वतः प्रत्येक गोष्ट अंगावर घेऊन तपासत. छत्री घ्यायला गेले की दुकानदाराकडे तांब्याभर पाणी मागत. त्या बिचाऱ्याला वाटे, म्हाताऱ्याला तहान लागली. पुढच्याच क्षणी छत्री उघडून आतोबा ते पाणी वरून ओतून घेत. वाशीचा फ्लॅट ताब्यात घेण्याआधी घडीची खुर्ची आणि जेवणाचा डबा घेऊन ते त्या रिकाम्या घरात उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत बसून होते, ऊन कुठून येतं आणि कुठे जातं ते बघायला. मला नेरूळचं एक स्थळ सांगून आलं, तेव्हा पत्रिका, पगार, उंची सगळं बाजूला ठेवून हे गृहस्थ आठवडाभर त्या घरापासून माझ्या ऑफिसपर्यंत ऐन गर्दीच्या वेळी बसने प्रवास करत राहिले. "मुलगा चांगला आहे," ते म्हणाले, "पण तुला रोज उभं राहावं लागेल." मी त्याच मुलाशी लग्न केलं आणि निवृत्त होईपर्यंत उभी राहिले. माणूस चुकत नसे, हेच तर दुखणं होतं.

लग्नाआधी नोकरीसाठी मी आत्याकडे राहत होते, म्हणून पुढचं सगळं मला डोळ्यांनी बघायला मिळालं. त्या वर्षी आत्याच्या हातांनी दगा दिला. पाणी आणि साबण यांनी तिच्या बोटांची सालं निघायची, भेगा पडायच्या, मिठाचा कण लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हात कोरडे ठेवा, नाहीतर हे वाढत जाईल. कामवाली बाई सकाळी एकदा येऊन जायची. दिवसभराची बाकीची भांडी आत्याच्या गळ्यात. मी घासलेली भांडी आत्या माझी पाठ वळली की पुन्हा घासायची, त्यामुळे माझा उपयोग शून्य. तेव्हा मस्कतला असलेल्या दिलीपने, म्हणजे माझ्या आतेभावाने, शेजाऱ्यांच्या फोनवर कळवलं की आईसाठी भांडी घासायचं मशीन बोटीने पाठवतोय. दोन फूट रुंद, दोन फूट खोल, ओट्याएवढं उंच. जागा ठरवून ठेवा.

जागा! अहो, त्या स्वयंपाकघरात जागा असती तर फ्रिज हॉलमध्ये सोफ्याशेजारी पाहुण्यासारखा बसला असता का? एका बाजूला कडप्प्याचा ओटा, खाली सिलिंडर, समोर भांड्यांची मांडणी, भिंतीवर देव्हारा, कोपऱ्यात मोरी आणि पाण्याचं पिंप. मधे उरलेल्या पट्ट्यात आत्या गेली दहा वर्षं वावरत होती. आतोबा तिथे फक्त पाणी प्यायला येत.

पहिल्या दिवशी त्यांनी एक रिकामं खोकं आणून ठेवलं. संध्याकाळी त्यांनी आत्याला विचारलं, "किती वेळा आपटलीस?" आत्या म्हणाली, "मी काय मोजत बसू?" झालं! "खोकं बोलत नाही, तीच अडचण आहे," असं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आतोबांनी खडूने फरशीवर दोन फुटांचा चौकोन काढला, त्यात स्टूल ठेवलं, आणि मांडीवर हात ठेवून स्वतः मशीन होऊन बसले. तिचा पाय, कोपर, पदर, काहीही लागलं की ते मोठ्यांदा "धक्का!" असं जाहीर करणार आणि जिथे धक्का लागणार नाही ती मशीनची जागा, असा नियम ठरला.

पहिली जागा गॅसजवळची. दहा वाजता आमटीला फोडणी पडली आणि मोहरी उडून मशीनच्या कानावर बसली. जागा बाद. दुसरी जागा देव्हाऱ्याखाली. आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "देवाच्या खाली खरकटं? मुळीच चालायचं नाही."

"अगं, मी काय खरकटा आहे?"

"तुम्ही आता मशीन आहात. उठा."

तिसरी जागा मांडणीशेजारी. तिथे तर सकाळभर "धक्का! धक्का! पुन्हा धक्का!" असा नुसता कंडक्टर बसल्यासारखा आवाज येत होता. शेवटी आत्याने उचललेली परात त्यांच्या टकलाला लागली, ती मुद्दाम की चुकून, हे मी अजून सांगू शकत नाही. "अहो मशीन, जरा बाहेर जाऊन पेपर वाचा," ती म्हणाली. पण ऐकतील तर आतोबा कसले!

चौथी जागा मोरी आणि खिडकी यांच्यामधली. चौकोन काढला, स्टूल ठेवलं, आणि काय आश्चर्य, दिवसभर एकदाही "धक्का" नाही. आतोबा खूश. पण नुसतं बसून खात्री पटते होय? नळ हाताशी होता. "बसवलंय तर चालू करून बघू," असं म्हणून त्यांनी दुपारच्या चहाचे कप ओढले. एका कपाचा कान गेला. पळीच्या खाचेत मेथीचं पान राहिलं. आत्याने पळी हातात घेतली, पान पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि पान नखाने काढून पळी मुकाट्याने मांडणीवर ठेवली. माझ्या हातून असं झालं असतं तर पळी माझ्या डोक्यात बसली असती!

त्यानंतर बोट उशिरा आली म्हणून असेल, आतोबा रोजच तिथे बसून भांडी घासू लागले. आजवर त्या दोघांचं संभाषण "जेवायला वाढू?" आणि "वाढ" एवढंच मी ऐकत आले होते. आता ऑफिसातून येऊन जिना चढताना वरून हसण्याचा आवाज यायचा. आतोबा हाताला राख लावून, लहानपणी खाडीत पडलो तेव्हा कसा रडलो ते सांगत असायचे, आणि आत्या पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "मला हे कधी बोलला नाहीत ते?" तिच्या बोटांच्या भेगा भरत आल्या होत्या. मी आत गेले की दोघंही गप्प व्हायची. मला मेलीला उगाच चोरट्यासारखं वाटायचं!

आणि मशीन आलं. चार माणसांनी ते वर चढवलं. जवळच्या गावातला प्लंबर आला, त्याने एका नजरेत सगळं पाहिलं आणि मोरीशेजारच्या चौकोनावर बोट ठेवलं. "काका, जागा झकास हाय. पानी बाजूला, मोरी बाजूला. आत्ता जोडतो."

"तिथे नाही," आत्या म्हणाली.

आतोबा चक्रावले. "अगं, इथे एकसुद्धा धक्का लागला नाही! सगळी खात्री केली आपण!"

आत्याने त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती प्लंबरला म्हणाली, "तिथे हे बसतात."

प्लंबर एकदा स्टूलकडे आणि एकदा आतोबांकडे बघत राहिला. आतोबांचं टक्कल इतकं लाल झालेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. मशीन गॅलरीत गेलं, आरामखुर्ची होती तिथे. खिडकीतून लांबलचक पाइप आत आला आणि आरामखुर्ची सोसायटीच्या वॉचमनला मिळाली. मशीन उत्तम चालायचं. आत्याचे हात बरे झाले ते झालेच. आणि आतोबा पुढची कितीतरी वर्षं त्या कोपऱ्यात बसून लसूण सोलत, वाटाणे सोलत, आणि आत्या मीठ घालते ते बरोबर की नाही याची चव घेऊन खात्री करत राहिले.

आतोबा गेल्यानंतर काही महिन्यांनी मी आत्याकडे गेले होते. ती भाजी परतत होती. तिला मदत करावी म्हणून मी शेंगांचं ताट घेऊन मोरीजवळच्या स्टूलवर बसले. ती वळली आणि तिचा गुडघा माझ्या गुडघ्यावर आपटला. पिंपाकडे गेली, पुन्हा आपटला. मी म्हटलं, "आत्या, मी बाहेर बसते. आतोबा कसे बसायचे गं इथे, एक धक्का न लागता?"

"कोण म्हणतं लागायचा नाही?" ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून लागत होता. दिवसभर लागायचा. मी वाट बघायची, आता ओरडतील म्हणून. ओरडलेच नाहीत." तिने गॅस बारीक केला. "मग मीही काही बोलले नाही."

मी उठायला लागले, तशी तिने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"बस," ती म्हणाली. "लागू दे."