कॅडिलॅक, लिंकन आणि माझे साडू

जगातलं कुठलंही बोलणं, मग ते हरभऱ्याच्या भावाचं असो की आत्म्याच्या अमरत्वाचं, चहाचा कप संपायच्या आत अमेरिकन मोटारीपर्यंत नेऊन पोचवणारा माणूस अख्ख्या इंदुरात एकच आहे, आणि माझ्या पत्रिकेत कुठला ग्रह कुठे जाऊन बसलाय कोण जाणे, तो माझा साडू आहे. अमेरिकन मोटार म्हणजे आजची नव्हे. आमच्या लहानपणीची, दिवाणखान्याएवढी, चकचकीत पट्ट्यांनी नवरीसारखी मढलेली. त्यातही साडूंच्या लेखी मोटारी दोनच, कॅडिलॅक आणि लिंकन. बाकीचे सगळे चाकं लावलेले डबे. यांतली कुठली श्रेष्ठ, हा वाद ते तरुणपणापासून चालवत आले आहेत. रद्दीवाल्याकडे अमेरिकन मासिकांचा एक गठ्ठा त्यांच्या हाती लागला, तिथून हे सुरू झालं. स्वतः सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, बड्या गणपतीच्या मागच्या गल्लीत राहतात, आयुष्यभर स्कूटर चालवली, आणि या दोन्ही गाड्यांपैकी एकीलाही त्यांनी कधी हात लावलेला नव्हता. पण त्यानं काही अडत नव्हतं. अडचण एकच होती. दुसऱ्या बाजूनं भांडायला त्यांना कुणी मिळत नव्हतं. मग मी मिळालो.

त्याचं असं झालं की मी मुलगी बघायला गेलो तेव्हा थोरले जावई म्हणून हे माझ्या समोरच बसले होते. मुलीनं पोह्यांची बशी ठेवली, मी वर बघावं की बशीत बघावं या विवंचनेत, तेवढ्यात यांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, “एक सांगा, कॅडिलॅक की लिंकन?” मला वाटलं, सुटाच्या कापडाचं चाललंय. त्यातल्या त्यात लिंकन हे नाव शाळेच्या इतिहासात भेटलेलं, म्हणून ओळखीच्या माणसाची बाजू घ्यावी या विचारानं मी म्हटलं, “लिंकन.” ते सावकाश मागे रेलले आणि सासऱ्यांना म्हणाले, “मुलगा शरीफ आहे, पर टेस्ट थोडी गडबड आहे.”

लग्न झालं, संसार झाला, मुलं मोठी झाली, पण मी जो लिंकनवाला झालो तो झालोच. दिवाळीच्या फराळाला बसलो की चकलीच्या पहिल्या तुकड्याबरोबर, “साडूजी, तुमच्या लिंकनची मागची दारं उलटी का उघडतात हो? पुढच्या दाराकडे पाठ करून! घरात भांडण झाल्यासारखी दिसतात.” मी गप्प बसलो तर लिंकनला उत्तर नाही असा निकाल लागायचा, आणि उत्तर द्यायचं तर माहिती हवी. शेवटी नाइलाजानं मी ती मिळवली. लिंकन अंगानं सपाट, सरळ, पोशाखी माणसासारखी. तिचं सौंदर्य न दाखवण्यात आहे वगैरे मी बोलू लागलो. ते उसळून अस्सल इंदुरी थाटात म्हणायचे, “न दाखवण्यात? अरे भिया, दागिने बँकेत ठेवायचे असतात का? माझ्या कॅडिलॅकचे मागचे पंख बघा. माशाच्या परासारखे उंच, आणि त्यांच्यात लाल दिव्यांची जोडी. रस्त्यावरून निघाली की मागच्यानं नुसतं बघत राहावं.” ताई, म्हणजे त्यांची बायको, आतून ओरडायची, “एक सवत असती तर सांभाळली असती हो. या दोन, आणि दोघी सातासमुद्रापार!”

माणसाला वेळकाळ असावा की नाही? आमच्या एका चुलत सासऱ्यांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. ऊन डोक्यावर आलं. गुरुजी म्हणाले, त्यांची काही इच्छा राहिली असेल तर कुणीतरी बोला. कुणी म्हणालं, नातवाचं शिक्षण बघू. कुणी म्हणालं, घराचं वाटप नीट करू. कावळा ढिम्म. मग हे पुढे झाले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “काका, एकदा कॅडिलॅकमध्ये फिरवून आणीन.” आणि तो कावळा, त्याचं काय बिनसलं होतं देव जाणे, तीरासारखा आला आणि पिंडाला शिवला. त्या मेलेल्या गृहस्थांनी आयुष्यभर सायकलीखेरीज कशाला हात लावला नव्हता. पण तेव्हापासून कावळ्यांतही बहुमत आपलंच आहे, असं हे सांगत सुटले.

मी छोटी मोटार घेतली तेव्हा पूजेला आले. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, बॉनेटवर थोपटलं आणि भर पाहुण्यांत विचारलं, “गोड पिल्लू आहे. आई कुठंय हिची?”

त्यांची स्कूटर चालवण्याची पद्धत तर आमच्या घराण्याला लाज आणणारी होती. ते स्कूटरवर बसून कॅडिलॅकच चालवत. वळण घ्यायचं तर चौकाचा अर्धा भाग ओलांडून मग घ्यायचं, कारण मागे वीस फुटी गाडी आहे ना! मागचे भोंगे वाजवत, रिक्षावाले “ओ काकाजी, सड़क घर ले जाओगे क्या?” म्हणत, आणि हे शांतपणे हात दाखवत वळत राहत. त्यामुळे मागच्या वर्षी त्यांनी गाजराच्या उभ्या ठेल्याला स्कूटर घातली तेव्हा सगळे हसलेच. पुढच्या महिन्यात उभ्या रिक्षाला घासले. मग एक दिवस खजराण्याच्या गणपतीच्या दर्शनाला गेलेले असताना फुलांच्या दुकानाच्या फळीवर आदळले आणि हारांसकट घरी आले. मी वैतागून म्हटलं, “दादा, आता पुरे. पंख आवरा तुमच्या गाडीचे.” ते हसले. ताई मात्र हसली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, “हे समोरचं बारीक अक्षर वाचतात, पण बाजूला ठेवलेली वाटी यांना दिसत नाही. मी रोज बघतेय. मोटारीचं खूळ नाही हे.”

डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घालून टिकवायची, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. यांना आता जग एखाद्या नळीतून पाहावं तसं दिसत होतं. समोरचा गोल तेवढा स्वच्छ, भोवती काही नाही. “स्कूटर?” यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “बिल्कुल बंद.” परतताना माझ्या मोटारीत ते शेजारी बसले होते. मी मुद्दाम म्हटलं, “कॅडिलॅकची सीट यापेक्षा बरी असेल, नाही?” त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. पुढे महिनाभर मोटारींचा विषयच त्यांनी काढला नाही. जेवत, बातम्या ऐकत, थेंब घालून घेत, पण दोन्ही मोटारी जणू भंगारात निघाल्या होत्या. ज्या बोलण्यापायी मी इतकी वर्षं कपाळ बडवून घेतलं, ते थांबल्यावर त्या घरात बसवेना.

हिवाळ्यात बायपासजवळच्या एका हॉटेलच्या मैदानावर जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं. बाहेरगावच्या एका गृहस्थांनी पांढरी लिंकन आणली आहे, असं कळलं. मी साडूंना आणि ताईला मोटारीत घातलं. हे वाटेत कुरकुरत होते, “नको साडूजी, काय बघणार मी? बेकार में तेल जाळताय.”

ती लिंकन खरंच अफाट होती. हे तिच्यासमोर उभे राहिले आणि मान हलवू लागले. पुढचा दिवा सापडायचा तर दार हरवायचं, दार सापडायचं तर दिवा हरवायचा. जगातली सगळ्यांत ऐसपैस मोटार हा माणूस कवडीएवढ्या भोकातून तुकड्यातुकड्यानं पाहत होता. थोडा वेळ धडपडले आणि मग अगदी हळू म्हणाले, “तुम्ही सांगा. एकसाथ पूर्ण सांगा.”

मी सांगू लागलो. पांढरी आहे, थोडी दुधाकडे झुकणारी. खांद्यावरून पुढच्या टोकापासून शेपटापर्यंत एकच चकचकीत पट्टी गेलीय, कुठेही तुटलेली नाही. अंग सपाट, कुठे फुगवटा नाही. मागे पंख नाहीत, पण त्यामुळे ती मोकळी वाटते. मी बोलत होतो आणि ते त्या पट्टीवरून हात फिरवत माझ्याबरोबर चालत होते. मध्येच थांबून म्हणाले, “मोकळी नाही, बोडकी म्हणा.” मला इतका आनंद झाला की मी भर मैदानात त्यांच्याशी भांडलो. लोक बघायला लागले. मालक जवळ आले, सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला असावा. म्हणाले, “काकाजी, अंदर बैठिए ना.”

मागच्या त्या उलट्या दाराची मूठ यांनी न चाचपडता धरली. दार उघडलं, आत बसले, सीटवर तळवा दाबला. मग ताईला हाक मारली, “अगं, ये.” ताई पदर सावरत दुसऱ्या बाजूनं आत बसली. मी वाकून विचारलं, “बोला दादा, आता निकाल काय?” ताई म्हणाली, “फार मऊ आहे हो.” आवाज आला तिकडे ते वळले. नजर सावकाश फिरत गेली, पुढच्या सीटच्या पाठीवरून, काचेवरून, तिच्या खांद्यावरून. शेवटी तिच्या चेहऱ्यावर येऊन थांबली.

“सापडलीस,” ते म्हणाले, आणि तसेच बघत राहिले.

बाहेर फोटो काढून घ्यायला एक कुटुंब ताटकळत उभं होतं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दार हलकेच लोटलं आणि त्यांना म्हटलं, “भिया, थोडं थांबू.”