कुसाबाईंच्या खोलीतली रविवारची बस

रोशनीचा घसा बसलाय तो बसलाच आहे, आणि माझ्या मनातून ती काळजी हलत नाही. डॉक्टरांनी बजावलंय, "दोन महिने कमी बोला. नोकरीवर बोलावंच लागेल, मग बाकीचं बंद करा. नाहीतर आवाज कायमचा जाईल."

बाकीचं म्हणजे रविवारचा वर्ग.

माझी मुलगी एसटीत कंडक्टर आहे. आठवड्याची एकच सुट्टी, तीही अंबडला कुसाबाईंच्या चाळीत घालवते. कारखान्यांत कामाला आलेल्या झारखंड-बिहारकडच्या माणसांच्या बायका तिथे राहतात. दिवाळीनंतर आल्या तेव्हा दुकानात नुसतं बोट दाखवायच्या. रोशनी त्यांना मराठी शिकवते. ना फळा, ना पुस्तक. मी बी.ए. मराठी; मला ते पटतच नव्हतं.

गेल्या रविवारी ती तरीही निघालीच, म्हणून मी गरम पाण्याचा थर्मास घेऊन तिच्यामागे गेले. बघते तर कुसाबाईंच्या खोलीची बस झालेली! सतरंजीवर दोन-दोन जणी, मधे वाट, पुढे एकजण ताटाचं स्टिअरिंग फिरवतेय.

"बोला, कुठे?" रोशनी घोगऱ्या आवाजात.

"सिव्हिल हॉस्पिटल. एक फुल, एक हाफ."

"हाफचं वय?"

"सात!"

नीट सांगितलं की चिठ्ठीचं तिकीट. मग थांब्यावर उतरायचं आणि डॉक्टरीण, मास्तरीण नाहीतर रेशनवाली झालेल्या बाईशी बोलायचं. झारखंडची फुलमनी खऱ्या शाळेत मुलाचं नाव घालायला गेली होती. बाई फॉर्म शोधत बसल्या, तर ही म्हणाली, "चला, लवकर बोला, मागे गर्दी आहे!"

"रोशने, समद्या बाया कंडक्टर करून ठिवल्या तू!" तो किस्सा निघाला तशा कुसाबाई दारातून ओरडल्या.

"पण नाव घातलं ना पोराचं?" फुलमनीने तिथल्या तिथे सुनावलं. खोली हसून लोळली.

तेवढ्यात "बोला" म्हणताना रोशनीचे नुसते ओठ हलले. आवाजच नाही. तिने चिठ्ठ्या माझ्यापुढे धरल्या. मी मान हलवून नाही म्हटलं. बायका पदर सावरत उठायला लागल्या.

"ताई, क्लास बंद?" फुलमनीने विचारलं.

रोशनीचे डोळे भरले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बसा सगळ्या! तिकीट काढल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. कुठे जायचं?"

बावीस जणी एकदम बोलल्या! दोन तास कसे गेले कळलं नाही. मी पोस्टातली कारकून झाले, तर एकीने मला हळू काम करते म्हणून झापलं. थर्मास उघडायचा राहिला.

परतताना रोशनीने मोबाइलवर लिहून दाखवलं, "पुढच्या रविवारी घेशील?" मी म्हणाले, "बघू." आयुष्यात कधी चार माणसांसमोर बोलले नव्हते. बी.ए.चा निकाल लागला आणि लग्न.

आज ती मुक्कामाच्या गाडीवर सुरगाण्याकडे गेलीय. संध्याकाळी फोनवर कसंबसं म्हणाली, "रविवारी मीच जाते."

अकरा वाजून गेलेत. मी जुन्या वहीची पानं कापून बँक, आधार केंद्र, दवाखाना अशा चाळीस चिठ्ठ्या लिहिल्यात आणि झोप उडालीय. उद्यापर्यंत माझा धीर राहील की नाही, कोण जाणे. ती झोपली असली तरी आत्ताच फोन लावते. तिने एक अक्षर बोलायचं नाही, फक्त ऐकायचं.