गव्हाचं पोतं आणि पदक

नाशिकहून वणीला निघालेल्या आमच्या सायकल सहलीत दिंडोरीच्या अलीकडे एक काका मिसळले. डोक्यावर टोपी, पायात चपला आणि जुन्या काळ्या सायकलच्या कॅरिअरला गव्हाचं पोतं. आम्ही हेल्मेटवाले गिअर बदलत धापा टाकत होतो. ते मात्र एका लयीत पायडल मारत, मधूनच टोपी सारखी करत पुढे जात होते. पाण्याच्या प्रत्येक थांब्यावर आयोजकांची माणसं टाळ्या वाजवायची, हातात केळं द्यायची आणि म्हणायची, "चला काका, थांबू नका." काका केळं खिशात टाकून निघायचे.

वणीत पहिलं पदक त्यांच्याच गळ्यात पडलं. मी विचारलं, "कुठल्या ग्रुपचे तुम्ही?"

"ग्रुप कुठला? दळण घेऊन निघालो व्हतो. गिरणी दिंडोरीतच राहिली."

"मग उतरला का नाहीत?"

"एवढी लोकं टाळ्या वाजवतात, उतरायचं कसं? बरं दिसत नाय."

मी म्हटलं, गिरणी वणीतही आहे.

"नंबर तिथं लावलाय ना."

आमच्या सायकली परतीच्या टेम्पोत चढत होत्या. काकांनी पदक पोत्याला बांधलं आणि सायकल दिंडोरीकडे वळवली. माझे हात आपोआप टाळीसाठी वर गेले.

"आता नका वाजवू," ते म्हणाले. "मला गिरणीपाशी उतरायचंय."