शेठच्या बोटीचं इंजिन

दिवाकर पुणतांबेकरनं बोट घेतली ही बातमी नंदानगरात पोचली तेव्हा लोक पोट धरून हसले. इंदुरात समुद्र नाही, धड नदीही नाही; जी आहे तिच्या काठानं जाताना लोक नाकाला रुमाल लावतात. अशा गावात मिलमधून बाहेर फेकलेला फिटर मोटारबोट विकत घेतो म्हणजे त्याचं डोकं फिरलं, असं सगळ्यांचं मत पडलं. माझंही तेच होतं. पण मी हसलो नाही, मी त्याला शिव्या घातल्या.

शिव्या घालण्याचा हक्क मला होता. बावीस वर्षं आम्ही मिलच्या एकाच वर्कशॉपमध्ये काढली. तो हेड फिटर, मी टर्नर. एक्याण्णव साली मिलला कुलूप लागलं, त्याला दोन वर्षं होत आली होती. प्रॉव्हिडंट फंड हातात पडला, बाकीचं सगळं कोर्टात अडकलं. मी विजयनगरच्या एका नव्या बिल्डिंगच्या गेटवर चौकीदार झालो. निळा डगला, शिट्टी, आणि कालपर्यंत स्कूटर चालवणाऱ्या माणसांच्या नव्या गाड्यांना सलाम. दिवाकरनं मात्र कुणाचीही नोकरी धरायची नाही असं ठरवलं होतं. "वासू, हाताला येतं ते दुसऱ्या कुणाच्या गेटवर उभं करायचं नाही," असं तो म्हणायचा, आणि मला ते लागतंय हे त्याच्या लक्षातही येत नसे.

ही बोट म्हणजे आमच्या शेठचीच. मोठ्या शेठना मासेमारीचा शौक होता. घरात कांदासुद्धा चालत नसे, पण नर्मदेतला महाशीर गळाला लावायचा, त्याच्यासोबत फोटो काढायचा आणि तो परत पाण्यात सोडायचा हा त्यांचा रविवारचा धर्म. त्यासाठी त्यांनी मुंबईहून ट्रकवर घालून ही बोट आणली होती. अठ्ठावीस फूट लांब, आत झोपायला दोन फळ्या, मागच्या बाजूला गळ टाकून बसायला गरगर फिरणारी खुर्ची, आणि पोटात सहा सिलेंडरचं अमेरिकन पेट्रोल इंजिन. इंदुरापासून दूर, नर्मदेकाठी मोरटक्क्याच्या घाटाशी शेठचा बंगला होता, तिथे ती बांधलेली असे. इंजिन रुसलं की मिलची जीप दिवाकरच्या दाराशी यायची, रविवार असो की दिवाळी. तो जायचा, इंजिन चालू करून द्यायचा आणि डबाभर लाडू घेऊन यायचा. शेठ गेले. त्यांचा मुलगा नीरज, त्यानं ए. बी. रोडवर गाड्यांचं शोरूम टाकलं आणि मोरटक्क्याचा बंगला विकायला काढला. बोट कुणालाच नको होती. ती दिवाकरनं घेतली.

घाटावर स्नानाला येणाऱ्या यात्रेकरूंना नदीत फिरवून आणायचं, असा त्याचा बेत. बेत वाईट नव्हता, हे आज कबूल करतो. पण घेताना त्यानं काय पाहिलं? मी त्याच्याबरोबर होतो. त्यानं लाकूड ठोकून पाहिलं नाही, कागद वाचले नाहीत. इंजिन चालू करून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिला. मग म्हणाला, "जिंदा है." झाला सौदा.

जिवंत होतं, पण किती? पंचवीस वर्षांचं इंजिन. पेट्रोल असं प्यायचं की दहा माणसांचं भाडं एका फेरीत पोटात जावं. पार्ट मिळायचे नाहीत. ज्या कंपनीनं ते बनवलं ती तरी शिल्लक होती की नाही कोण जाणे. त्याची बायको सुनंदा, कमी बोलणारी बाई, तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "हे बघा, बोट घेतली ते घेतली. आता जो फंड उरलाय त्यात डिझेल इंजिन बसवून टाका. नंतर तो पण नाही राहणार." मीही तेच सांगत होतो. सियागंजातल्या एका दुकानदाराकडून आम्ही भावही काढून आणला. दोन सिलेंडरचं डिझेल, पंपाला लावतात त्याच जातीचं, पण बोटीसाठी गिअर जोडलेलं.

दिवाकरनं नाही म्हटलं नाही. तो मोजमापं घेत बसला. जुनं काढून नवं ठेवलं की झालं असं ते काम नव्हतं, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. डिझेल जड, म्हणजे खालची बैठक नवी करावी लागणार. इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणाऱ्या शाफ्टची रेघ बदलणार. पाण्यातला पंखाही बदलावा लागणार, कारण डिझेलचे फेरे कमी. हे सगळं त्यानं वहीत काढलं, सुबक आकृत्या काढल्या, आणि शेवटी वही मिटून म्हणाला, "इतका खर्च करण्यापेक्षा हेच दुरुस्त होतं ना भिया."

इथे मला दिवाकरची ख्याती सांगायला हवी, नाहीतर त्याचा हट्ट कळायचा नाही. मिलच्या मशिनी आमच्या आज्यांच्या वयाच्या होत्या. गिअरचा दात तुटला की दुसरीकडे नवा गिअर मागवतात. आमच्याकडे दिवाकरला बोलवायचे. तो तुटलेल्या जागी भोकं पाडायचा, मी लेथवर पितळेच्या खुंट्या काढून द्यायचो, तो त्या ठोकून बसवायचा आणि कानसीनं घासून घासून त्यातून दात उभा करायचा. डोळ्यांना फरक कळायचा नाही. मशीन चालू व्हायची, खात्यात टाळ्या पडायच्या. दर सव्वीस जानेवारीला शाल, नारळ आणि शेठच्या हातची पाठीवर थाप. अशा अकरा शाली त्याच्या कपाटात होत्या. मिलमध्ये चार हजार माणसं होती, पण शेठ नावानं हाक मारत अशी फार तर पाच-सहा. दिवाकर त्यातला एक.

अशा माणसाला इंजिन बदल म्हणणं म्हणजे त्याचा कान धरणं. त्यानं बदललं नाही. तीन महिने तो मोरटक्क्यालाच राहिला. इंजिन सबंध उतरवलं, धुतलं, रिंगा बदलल्या, पाण्याच्या पंपाचं रबर मिलच्या जुन्या पट्ट्यातून कापलं. आतल्या टायमिंग गिअरचे तीन दात झिजले होते. ते त्यानं त्याच्या पद्धतीनं नवे उभे केले. खुंट्या मीच काढून दिल्या, परदेशीपुऱ्यातल्या एका ओळखीच्या लेथवर. बोट चालू झाली तेव्हा मीही घाटावर होतो. खोटं कशाला सांगू, माझेही डोळे भरून आले होते. दोन वर्षांनी पहिल्यांदा आमच्या हातचं काहीतरी चालत होतं.

चार महिने ती चालली. मग सोमवती अमावास्या आली. घाटावर मुंगीला जागा नव्हती. बावीस माणसं बसवून दिवाकर निघाला आणि ऐन धारेत इंजिनानं एक खडखडाट केला आणि ते गप्प झालं. खुंट्या तुटल्या होत्या. बोट आडवी झाली आणि रेल्वेच्या पुलाच्या खांबाकडे वाहू लागली. बायका ओरडायला लागल्या. घाटावरच्या नावाड्यांनी, ज्यांचं गिऱ्हाईक दिवाकरनं पळवलं होतं त्यांनीच, नावा टाकल्या, दोर फेकला आणि बोट ओढून आणली. खांब बोटीपासून हातभर राहिला होता. सांवेरकडच्या एका म्हातारीचा पडून हात मोडला, बाकी कुणाला काही झालं नाही. पोलिसांनी बोट बांधून ठेवली आणि सांगितलं, नवं इंजिन दाखवल्याशिवाय एक माणूस बसवायचा नाही.

कुणीही शहाणा माणूस तिथे थांबला असता. दिवाकर म्हणाला, "खोट दातांची नाही, धातूची आहे. कंपनीचा ओरिजिनल गिअर मिळाला तर सवाल ही नहीं." शेठच्या काळात बोटीबरोबर सुट्या भागांची एक पेटी आली होती, असं त्याला आठवत होतं. ती नीरजकडे असेल. मला म्हणाला, चल. मी गेलो. त्या दिवशी सकाळीच सोसायटीच्या सेक्रेटरीनं, त्याची गाडी आली तेव्हा मी बसलेला दिसलो म्हणून, सगळ्या बायकांसमोर मला झापलं होतं. सुट्टी मागितली तर म्हणाला, पगार कापेन. कशा मनानं मी त्या शोरूममध्ये शिरलो असेन ते समजून घ्या.

आत बर्फासारखं थंड. काचेसारखी फरशी, तिच्यावर चार गाड्या. नीरज उठून उभा राहिला, दिवाकरच्या पाया पडायला वाकला, आमच्यासाठी थंड पाणी मागवलं. वाईट वागला असता तर बरं झालं असतं. पेटीचं त्याला काहीच माहीत नव्हतं. पण दोन सेल्समनना जवळ बोलावून त्यानं दिवाकरची ओळख करून दिली.

"ये दिवाकरजी हैं. पापा इनको बहुत मानते थे. अठहत्तर में नई मशीनों का पूरा कोटेशन आ गया था, पैसा भी अलग निकाल रखा था. पापा ने कागज़ लौटा दिए. बोले, जब तक अपना दिवाकर है, नई मशीन की क्या ज़रूरत? पूरा पैसा बच गया. ये शोरूम की ज़मीन उसी पैसे की है."

तो मनापासून बोलत होता. त्याच्या लेखी ती अकराव्यानंतरची बारावी शाल होती. दिवाकरनं सवयीनं हात जोडले आणि म्हणाला, "जी भैया." मग आम्ही बाहेर आलो.

टेम्पोच्या स्टॉपवर ऊन मी म्हणत होतं. मग माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "वासू, मी ते दात नसते बसवले, तर शेठला मशिनी घ्याव्या लागल्या असत्या. हो ना? मग मिल वाचली असती?"

उत्तर मला ठाऊक होतं. शेठला मिल नकोच होती. कापडात काही उरलेलं नव्हतं, खाली होती ती गावातली सोन्यासारखी जमीन. मशिनी आल्या असत्या तर मिल दोन-चार वर्षं जास्त ओढली असती, इतकंच. नव्या मशिनी घेणाऱ्या मिलनाही कुलूपच लागलं होतं. आणि दात त्यानं बसवले असतील, तर खुंट्या मी काढल्या होत्या. हे सगळं मला त्या क्षणी ठाऊक होतं. पण माझ्या अंगात सकाळचा सेक्रेटरी होता, दोन वर्षांचा निळा डगला होता, आणि 'दुसऱ्याच्या गेटवर' हे त्याचं वाक्य होतं. मी म्हणालो, "वाचली असती."

त्यानं मान हलवली, जणू वजन बरोबर भरलं. टेम्पो आला, आम्ही बसलो.

दुसऱ्याच आठवड्यात त्यानं डिझेल इंजिन घेतलं. उरलेला फंड गेला, सुनंदाच्या पाटल्या गेल्या. बसवायला दुकानदाराचे दोन मेकॅनिक आले. त्यांनी शाफ्टची रेघ चुकवली, मला घाटावरून दिसत होतं, त्याला तर दिसतच असणार. तो पायरीवर नदीकडे तोंड करून बसून राहिला. त्यांना दोनदा काम उलगडावं लागलं. त्यानं हात लावला नाही.

बोट आता बरी चालते. पोलिसांनी सोडली, पैसे सुटतात. पण दिवाकरनं त्यानंतर पाना हातात धरला नाही. सर्व्हिसिंगला कंपनीचा माणूस येतो. तो नंदानगरला घरी आला की गल्लीतल्या बायका सवयीनं स्टोव्ह, पंखे घेऊन यायच्या. त्यांना तो सांगायचा, फेकून द्या, नवीन घ्या. ज्यांच्या घरात नवीन घ्यायला दमडी नव्हती त्यांनाही तेच. लोक म्हणाले, पैसा आला तसा माजला. सुनंदानं मला एकदा विचारलं, "भाऊजी, त्या दिवशी शोरूममध्ये काय झालं हो?" मी म्हणालो, काही नाही.

शेवटी मला सहन होईना. रजा टाकून मोरटक्क्याला गेलो. तो घाटावरच्या टपरीशी बसला होता. मी सगळं ओकून टाकलं. म्हटलं, भिया, मी त्या दिवशी रागात बोललो. खोटं बोललो. शेठला जमीनच हवी होती, तू दात बसवले नसतेस तरी मिल जाणारच होती. दुसऱ्या मिलचे दाखले दिले. खुंट्या माझ्या होत्या हेही सांगितलं. रडलोही.

त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे वासू. सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलतात, आता तू पण बोलायला लागलास. तेव्हा विचारलं, तर तू एकटा खरं बोललास. वो मैं भूलूँगा नहीं."

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तर त्यानं टपरीवाल्याला दोन चहा सांगितले. पैसे त्यानंच दिले, मला देऊ दिले नाहीत.