कोपरावरचं हेल्मेट

सलूनवाल्याला ती एकचाकी सायकल एका जुन्या गिऱ्हाइकाने दिली. सर्कशीत उमेदीची वर्षं घालवलेला तो म्हातारा मुलीकडे कायमचा राहायला निघाला होता आणि सायकल काही सामानात मावत नव्हती. "सोपी आहे हो," म्हणाला आणि गेला.

सोपी ती मुळीच नव्हती. दुकानामागच्या बोळात, भिंतीला हात टेकवून सलूनवाला महिनोन्महिने धडपडला. गुडघे सोलून निघाले, पोटऱ्या भरून आल्या. शेवटी एका सकाळी त्याने भिंत सोडली आणि बोळाच्या टोकापर्यंत गेला. बघायला कोणीच नव्हतं, म्हणून तडक घरी जाऊन बायकोला घेऊन आला.

बायको दवाखान्यात एक्स-रे काढायची. तिने सगळं नीट पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कामावरून येताना हेल्मेट आणलं.

"छान चालवता तुम्ही," ती म्हणाली. "पण हे घालून चालवा. रोज लोकांची डोकी बघते मी. त्यात तुमचं नको."

हेल्मेटला त्याची ना नव्हती. अडचण केसांची होती. दाट, मागे वळवलेले, कपाळावर झुलणारी एक लाट. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आरशात आधी त्याच्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "असेच करा." हेल्मेट काढल्यावर त्या केसांचा पार चोथा व्हायचा. म्हणून तो घरातून हेल्मेट घालून सायकलवर दुकानाकडे निघायचा आणि वळणापलीकडे गेला की काढून कोपरावर चढवायचा. तोल सांभाळायला हात तसेही पसरलेलेच असायचे.

एकदा उतारावर फुलवालीने दुकानापुढे पाणी मारलं होतं. चाक सरकलं आणि सलूनवाला आडवा झाला. डोकं दगडी कडेपासून चार बोटांवर येऊन थांबलं. मनगट मात्र गेलं. फुलवालीनेच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

"हात सपाट ठेवा. हलू नका," बायको म्हणाली, इतरांना म्हणते तशीच. फोटो काढून झाल्यावर तिने हेल्मेट उचललं. त्याला तडा गेला होता.

"डोक्याला तर ओरखडाही नाही. मग हे कसं फुटलं?"

तो म्हणाला, "कोपरावर होतं."

"लोकांची अक्कल गुडघ्यात असते, तुमची कोपरात निघाली," ती म्हणाली.

त्याला हसू आलं, पण ती तड्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवताना दिसली आणि ते तिथेच विरलं.

प्लास्टर चढलं. दुकान धाकट्या भावाने सांभाळलं. घरी डाव्या हाताने भांग पाडता पाडता सलूनवाला रडकुंडीला आला. एका दुपारी त्याने मशीन बायकोपुढे धरलं.

"काप."

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"मी सांगतो ना. मागून वर घे. घाबरू नकोस."

ती घाबरली नाही, हेच जरा चुकलं. पहिल्याच फटक्यात कानामागे पांढरा पट्टा उमटला. मग सगळंच त्या पट्ट्याच्या बरोबरीला आणावं लागलं. कानामागची कड तरी वाकडीच राहिली. जमिनीवर केसांचा ढीग पडला. ती ओठ दाबून उभी राहिली. त्याने आरशात बघितलं, डोक्यावरून हात फिरवला, पंख्याखाली जाऊन उभा राहिला.

"गार लागतंय," तो म्हणाला. "आधी का नाही कापले मी?"

प्लास्टर निघाल्यावर नवं हेल्मेट आलं. ते डोक्यावर चपखल बसलं आणि दुकानाच्या दारापर्यंत तिथेच राहिलं. त्या दिवशीचं पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं, आरशात त्याच्याकडे बघत राहिलं.

"हे बरं दिसतंय. असेच करा."

सलूनवाल्याने मशीन हातात घेतलं. "करतो," तो म्हणाला. "पण कानामागचं मात्र सरळ करू."