झिऱ्यावरचा नंबर

नेटवर्कच्या कामात मला आता बरीच वर्षं झाली. घरात भिंतीवर चार सर्टिफिकेटं आहेत आणि ती मी मुद्दाम दारासमोरच लावली आहेत. कुणाला मिरवणं वाटलं तर वाटो. सूर्यमाळच्या पाड्यावरून आलेल्या मुलीने मिरवायचं नाही, तर कुणी मिरवायचं? पण त्या चारांतलं पहिलं मिळवताना मी साफ तोंडावर पडले होते, तेही सांगायला हवं.

पॉलिटेक्निक संपवून मी नाशिकच्या एका छोट्या कंपनीत लागले. ऑफिसांमध्ये नेटवर्क बसवून द्यायचं, ते बंद पडलं की दुरुस्त करायचं, असं कंपनीचं काम. मला बसवलं टेलिफोनवर. गिऱ्हाइकाची तक्रार रजिस्टरात लिहायची आणि साइटवरच्या मुलांना कळवायची. खरं तर निम्म्या तक्रारी मी फोनवरच मिटवायचे. "दादा, मागची पिवळी वायर काढा, परत लावा. दिवा लागला? झालं तर मग!" पण राऊटरला हात लावायची मला परवानगी नव्हती.

एक दिवस साहेबांना म्हटलं, "मला साइटवर पाठवा."

साहेब हसले. "अगं, फोनवर तुझा आवाज किती गोड येतो!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, डिप्लोमा मला आवाजावर नाही मिळाला."

पण साहेब भला माणूस. रागावले नाहीत. म्हणाले, "हे बघ, सर्टिफिकेट नसलेल्याला गिऱ्हाईक राऊटरला हात लावू देत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला एका हॉस्पिटलचं मोठं काम सुरू होतंय. त्याआधी परीक्षा पास हो, काम तुझं. नाही तर फोन आहेच."

झालं, मी पेटलेच. पुस्तक इंग्रजी, विटेएवढं जाड. आश्रमशाळेत मराठीत शिकलेली मी, पहिल्या पानालाच घाम फुटला. सरावाला राऊटर नव्हता, म्हणून खोक्याच्या पुठ्ठ्यावर राऊटर काढले आणि सुतळीने जोडले. नेटवर्कच्या पत्त्यांचे तुकडे पाडायचं गणित असतं, या खात्याला पन्नास मशिन, त्या खात्याला दहा, तर कुठून कुठपर्यंतचे पत्ते कुणाला द्यायचे. ते मी जुन्या तक्रारींच्या पाठकोऱ्या कागदांवर इतक्यांदा सोडवलं की शेवटी बोटांवर यायला लागलं. खोलीतली मैत्रीण म्हणायची, "बये, झोपेतसुद्धा आकडे बडबडतेस."

एप्रिलमध्ये परीक्षेला बसले. परीक्षा कॉम्प्युटरवर. सुरुवातीला सूचनांची दोन-तीन पानं आली. मी म्हटलं, हे काय वाचत बसायचं, आणि भराभर पुढे गेले. आश्रमशाळेत आमच्या गुरुजींनी एक गोष्ट हाडीमासी खिळवली होती: येतं ते आधी सोडवा, अडलं की जागा सोडा आणि शेवटी मागे या. याच युक्तीवर मी दहावीला शाळेत पहिली आले होते. इथेही तेच केलं. अवघड प्रश्न दिसला की सोडला, पुढे. असे दहा-बारा सोडले. शेवटचा प्रश्न संपला आणि मी मागे जायचं बटण शोधायला लागले.

बटणच नव्हतं. स्क्रीनवर निकाल आला, नापास. तोही थोडक्यात. केंद्रातल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मागे जाता येत नाही. सूचनांमध्ये लिहिलंय की." बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि भडाभडा रडले. येत नव्हतं म्हणून गेलं असतं तरी चाललं असतं. मला येत होतं हो!

दोन दिवसांची सुट्टी घेऊन घरी गेले. खोडाळ्याला एसटीतून उतरले आणि पुढे पाड्यापर्यंत चालत. आय घरी नव्हती. उन्हाळ्यात आमच्याकडच्या बाया घरी सापडतच नाहीत, त्या झिऱ्यावर असतात. विहीर आटली की ओहोळाच्या तळाशी घमेल्याएवढ्या खड्ड्यात पाणी पाझरतं. करवंटीने ते हंड्यात भरत बसायचं. मागे हंड्यांची लाइन. बसलीस तोवर नंबर तुझा. पाझर मंद झाला म्हणून मध्येच उठलीस, की नंबर गेला, हंडे उचलून लाइनीच्या शेवटी जायचं. मग तू गरोदर अस नाही तर सरपंचाची बायको अस. झिऱ्यावर लाइन मोडलेली मी कधी पाहिली नाही.

आयचा नंबर चालू होता. शेजारी बसून मी तिला सगळं सांगितलं. परीक्षा म्हणजे काय, नेटवर्क म्हणजे काय, यातलं तिला किती कळलं देव जाणे. शाळेची पायरी तिने कधी चढली नव्हती. पण सोडलेल्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही, हे ऐकून तिने करवंटी थांबवली आणि माझ्याकडे बघितलं.

"मंग? उठली का नंबर गेला. तुला ठाव नाय?"

सात वर्षांची असल्यापासून मी त्या खड्ड्याशी बसलेली, आणि मला हे सांगावं लागत होतं!

"पण आय, एकातच अडकले आणि वेळ संपला तर?"

"मागं बाया हायेत ना, त्या ध्यानात ठेवायच्या. येल तेवढा पानी घ्यायचा नि उठायचा. उठल्यावर मंग मागं बघायचा नाय." आणि ती परत भरायला लागली.

मेच्या शेवटी पुन्हा बसले. या वेळी सूचनांचा शब्द न् शब्द वाचला. सातव्याच प्रश्नाला ते पत्त्यांचं गणित आडवं आलं, चांगलं खोडसाळ. हात सवयीने पुढे जायला निघाला. मी मनातल्या मनात स्वतःला दरडावलं, "बस खाली." थेंब थेंब करत उत्तर काढलं आणि मगच पुढे गेले. दोन प्रश्न मला मुळीच सुटले नाहीत. बुद्धीला पटलं ते उत्तर दिलं आणि मागे बघितलं नाही. निकाल आला, पास. केंद्रातल्या बाईंनी कागद हातात दिला तेव्हा मी त्यांना मिठीच मारली, बिचाऱ्या दचकल्या.

साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि हॉस्पिटलची फाइल माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "आता फोनवर कुणाला बसवू?" मी म्हटलं, "ज्याचा आवाज गोड असेल त्याला."

काम सुरू व्हायच्या आधी घरी जाऊन आले. पाऊस अजून आला नव्हता. कागद ओढणीखाली धरून सरळ झिऱ्यावर गेले. आय नुकतीच एक हंडा भरून उठली होती, दुसरा अजून रिकामाच होता. आयने ओले हात पदराला पुसले, कागद दोन्ही हातांनी धरला, उलटा-सुलटा करून बघितला आणि बायांकडे फिरवला. "पोरगी पास झाली माझी." एवढंच बोलली. माझे डोळे भरून आले.

आमच्या शेजारची म्हातारी आजी सगळ्यांत पुढे बसली होती. ती उठायला लागली, म्हणाली, "एवढी शिकून आली बाय. हिला आज पुढं घ्या." बाकीच्यांनीही आपापले हंडे बाजूला सरकवले. त्या झिऱ्यावर असं कधी कुणासाठी झालं नव्हतं. मी पुढे पाऊल टाकलंच होतं.

"नाय," आय म्हणाली. "लायनीत बसून पास झाली ती. लायनीतच बसंल." तिने कागद माझ्या हातात दिला, आपला रिकामा हंडा उचलला आणि सगळ्यांत शेवटी नेऊन ठेवला. मी त्याच्या मागे जाऊन बसले.