कॉलेजात असतो

अन्याय माझ्यावर झाला. कधी, तेही सांगतो. २००५ साली मी एका ज्युनिअर कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा सहायक कोच झालो. त्याच वर्षी गणपतीत, इथं परदेशात, मरीन परेड भागातल्या एका कॉन्डोत आरती संपून हातावर प्रसाद पडत असताना एका काकांनी बाबांना विचारलं, "चिरंजीव काय करतात?"

"कॉलेजात असतो," बाबा म्हणाले.

असतो! खोटंही बोलायचं नाही आणि खरंही सांगायचं नाही, यासाठी इतकं सोयीचं क्रियापद दुसरं नाही. काकांनी मला तिथल्या तिथे लेक्चरर करून टाकलं. "वा! मग आमच्या हिचं फिजिक्स बघा की. शनिवारी पाठवू?"

"काका, मी बास्केटबॉल शिकवतो."

"ते झालंच हो. पण विषय कुठला?"

शेजारी उभी असलेली त्यांची मुलगी वैतागली. "पपा, ही इज द कोच, लाह!"

"अच्छा, हौस!" काका हसले.

बाबांनी नुसतं "सध्या" म्हटलं आणि ते मोदकांकडे वळले.

सहायक कोचचं काम दिसत नाही, हे मान्य. पण कुणी विचारलं तरी का? पोरांचे घोटे पट्टीनं बांधणं, घामट जर्सी धुवायला नेणं, हे तर होतंच. शिवाय पुढच्या प्रतिस्पर्ध्यांचे सामने हॅन्डीकॅमवर टिपायला मी एकटाच एमआरटी मेट्रोनं बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला जायचो. दोन्हीकडचे पालक आपापल्या पोरांसाठी घसा फोडायचे. मधे मी, कुणाच्याच बाजूचा नाही. आमच्या बसमध्ये मुख्य कोच मँडरिनमध्ये विनोद करायचे, सगळे हसले की मीही हसायचो. घरी आलो की बाबा क्रिकेटबद्दल बोलायचे. माझा संघ जिंकला की हरला, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

दोन सीझननंतर मुख्य कोच सोडून चालले. मला म्हणाले, "टीम तू घे. कॅन ऑर नॉट?"

"कॅन."

लगेच घरी फोन केला. "बाबा, मी मुख्य कोच झालो."

"बरं झालं हो. म्हणजे आता कॉलेजात पर्मनंट?" आणि मग, "जेवायला आहेस ना?"

नव्हतो. हॉकर सेंटरवर, खाण्याच्या टपऱ्यांमधल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून एकट्यानं नूडल्स खाल्ले आणि आपलंच अभिनंदन केलं.

पहिल्या सामन्याची वेळ मी घरी दोनदा सांगितली होती. आम्ही जिंकलो. पोरं धावत आपापल्या आईबापांकडे गेली. मी स्टँडकडे पाहिलं, एकेका रांगेवरून नजर फिरवली, आणि मग बॉल गोळा करायला लागलो.

तुमच्या घरात असं काम करणारं कुणी असेल, तर पुढचा सामना कधी आहे ते त्याला आजच विचारा. आणि जा. नियम कळत नसले तरी जा, पुढच्या रांगेत बसा, चुकीच्या वेळी टाळ्या वाजवा. पण जा.